एका गाण्याचे नऊ तवे

माझ्या बहिणीच्या घरात फोनोचे नऊ तवे आहेत आणि नऊच्या नऊ तव्यांवर एकच गाणं आहे. हे वाचून ज्याला हसू येईल त्यानं खुशाल हसावं. वलगावात लोक आठ वर्षं हसले, त्यात अजून एकाची भर.

तवे जमवणारा माणूस म्हणजे माझे भाऊजी, देवमन. बांधकाम खात्यात रोडवर मुकादम. दिवसभर डांबर, घरी दोन एकर ज्वारी, आणि उरलेला सगळा जीव या काळ्या तव्यांत. बदली झालेल्या एका ओव्हरसियरकडून त्यांनी चाबीचा फोनो घेतला तेव्हा माझी अक्का, मनकर्णा, म्हणाली होती, "चला, आता घरात दहा गानी वाजतीन." आठ वर्षांत एकच वाजलं.

गाण्याचं नाव ‘पाटी दे रे बाबा मले’. लहान पोरगी बापाला म्हणते, भाऊ शाळेत जातो, मले काहून नाही? गाणारा पातूरचा जानराव. जानराव पातूरकर आणि पार्टी म्हणजे त्याच्याच हातातली एक पेटी, एक ढोलकी, एक झांज आणि मागे सूर ओढणारे चौघं. छप्पन साली आम्ही नागपूरहून धम्म घेऊन आलो आणि गावागावात अशा पार्ट्या उभ्या राहिल्या. त्यात जानरावाचा गळा वेगळा होता. त्याला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून तो बिघडलेला नव्हता. तोंड मात्र जन्माचं बिघडलेलं. समोर जो असेल त्याला गोड वाटेल तेच त्यातून निघायचं.

अठ्ठावन्न साली मुंबईच्या एका कंपनीनं जानरावाला गाणं भरायला बोलावलं. आदल्या दिवशी पार्टीचा कार्यक्रम वलगावात होता, तिथूनच बडनेऱ्याला जाऊन गाडी धरायची होती. अक्कानं पहाटे उठून दहा भाकरी थापल्या, मिरचीचा ठेचा केला, चार कांदे टाकले आणि फडक्यात बांधून जानरावाच्या हातात दिलं. आणि म्हणाली, "भाऊ, नाव घेजा."

इथं आमच्याकडची रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. कार्यक्रमात दुसरं कडवं संपलं की पेटी चालू राहते, गाणारा एक हात वर करतो आणि मोठ्यानं सांगतो: अमुक गावच्या अमुक यांच्याकडून एक नारळ, पार्टी आभारी आहे! नारळ असो, शेला असो, गुळाची ढेप असो, देणाऱ्याचं नाव मांडवभर झालंच पाहिजे. पण देणारी बाई असली की तिचं नाव कोणी घेत नसे. ‘देवमन यांच्या घरून’ म्हणत. बाई म्हणजे घर. मुलीसाठी पाटी मागणाऱ्या गाण्याच्या मधोमध हे असं चालायचं आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

अक्काला दिसलं. ती म्हणाली, "घरून नाई. मनकर्णाबाई म्हना."

"मुंबईत म्हनतो!" जानराव गठुड्याचा वास घेत म्हणाला. "रेकार्डीतच म्हनतो."

झालं. गाडी बडनेरा सोडते न सोडते तोच अक्कानं अर्ध्या वलगावाला सांगून टाकलं की माझं नाव मुंबईच्या तव्यावर येणार आहे.

तवा आला. लाल चिठ्ठीचा, त्यावर जानरावाचं नाव ‘जनाराव’ छापलेलं. कंपनीतल्या शहाण्यांना पेटी कुठली, ढोलकी कुठली सगळं कळत होतं, माणसाचं नाव तेवढं विचारावंसं वाटलं नाही. सगळा मोहल्ला भाऊजींच्या अंगणात जमला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. अक्का पदर सावरून बसली. पेटी नुसतीच वाजत राहिली, रिकामी. मग तिसरं कडवं सुरू झालं.

शेजारची केशरबाई म्हणजे तोंडाची दुधारी. ती म्हणाली, "काय वं मनकर्णे, तुह्यं नाव मांगच्या बाजूनं हाय काय?"

तवा उलटवला. मागे दुसरंच गाणं होतं. त्यातही नाव नव्हतं.

त्या दिवसापासून अक्काचं नाव ‘रेकार्डवाली’ पडलं. विहिरीवर रेकार्डवाली, निंदणात रेकार्डवाली. वलगावात एकदा नाव ठेवलं की ते सरकारी कागदापेक्षा जास्त टिकतं. अक्का शब्दाला पक्की बाई. आयुष्यात कोणाला खोटं बोलली नाही, आणि जे एकच मोठं बोलली ते खोटं ठरलं. तिनं कार्यक्रमाला जाणंच सोडलं. जानराव पुढच्या वर्षी वलगावात आला, मांडव घरापासून पन्नास पावलांवर, आणि ही दार लावून डाळ निवडत बसली. गाण्याचं वेड असलेली बाई.

मी जानरावाला गाठून विचारलं. तो म्हणाला, "धर्मपाल, माह्या पेटीच्यान, घेतलं होतं नाव! सवयच ना बाप्पा. दुसरं कडवं झालं का हात वरच जाते. तिकडून कंपनीचा साहेब काच ठोकून राहिला, टकटक टकटक. मी काय थांबतो? पुरं गायलो. मंग साहेब आत आला, म्हने असं नाई चालत, पुन्हा गा. दुसऱ्यांदा नाव नाई घेतलं. तेच छापलं त्याईनं."

"नाव कोणाचं घेतलं होतं?"

"तुह्या बहिनीचं, अजून कोनाचं?"

आठ दिवसांनी हाच जानराव भाऊजींना चौकात भेटला आणि म्हणाला, "देवमनभाऊ, तुमचंच नाव घेतलं होतं गा, पन कापलं साहेबानं."

मग घरात जे पेटलं ते पेटलं.

"ज्वारी कोनाची?" भाऊजी विचारत. "माह्या वावरातली. मंग नाव कोनाचं घेतलं असंन?"

"मंग कच्ची ज्वारीच देऊन द्याची होती ना त्याले," अक्का म्हणे. "भाजल्या कोनं?"

"बाईचं नाव कोनी घेते काय वं?"

"मी सांगतलं होतं त्याले."

"तू सांगतलं आन् त्यानं आयकलं! जसं काई मीच हावो."

भाऊजींनी तव्याचा नाद धरला तो या भांडणातून. आधी त्यांना वाटलं, दुसऱ्या दुकानातल्या तव्यात असेल. अमरावतीच्या इतवाऱ्यातून दुसरा आणला. चिठ्ठी लालच, पण आता ‘जानराव’ बरोबर छापलेलं. गाणं तेच. तिसरा निळ्या चिठ्ठीचा, त्यात ढोलकी जरा पुढं आल्यासारखी वाटायची, म्हणजे भाऊजींना वाटायची. चौथ्यासाठी चांदूर बाजारच्या बाजारात एका म्हाताऱ्याला अंड्यावरची कोंबडी देऊन टाकली. त्या कोंबडीवरून अक्का तीन दिवस बोलली नाही. प्रत्येक तवा आला की भाऊजी चाबी भरत, सुई दुसऱ्या कडव्याच्या शेवटाला ठेवत आणि भोंग्यात कान घालून बसत. पेटी रिकामी वाजे. मग तवा पुसून, कागदात गुंडाळून, खाटेखालच्या ट्रंकेत.

रोडवरचे मजूर विचारत, "मुकादम, एकच गानं आठ डाव आयकून काय भेटते?"

"शौक हाय," भाऊजी सांगत. "छाप येगयेगळी रायते. तुमाले नाई समजत."

केशरबाई कुंपणावरून विचारायची, "भाऊजी, तवे तर झाले, आता भाकरी कधी टाकता?"

त्यावरही भाऊजी हसून म्हणायचे, "शौक हाय."

मी अकोल्याच्या कापडगिरणीत होतो. भाऊजी दोन-तीन महिन्यांनी रविवारी यायचे आणि आम्ही ताजनापेठेत नियाजभाईच्या दुकानात जायचो. नियाजभाई रेडिओ, फोनो दुरुस्त करायचे, जुने-नवे तवे विकायचे. सज्जन माणूस. कान असा की सुई टेकताच सांगतील, स्प्रिंग ढिली आहे. तव्याची छाप कशी ओळखायची हे भाऊजींना त्यांनीच शिकवलं. चिठ्ठीच्या भोवती जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर बारीक आकडा कोरलेला असतो. गाणारा एकदा गायला की शेवटी एक, दुसऱ्यांदा गायला की दोन. "चिठ्ठी पे मत जाव, देवमनभाई," ते म्हणायचे. "चिठ्ठी तो कपडा है. आदमी को पहचानना तो नंबर देखो." भाऊजींच्या आठही तव्यांवर शेवटी दोन होता. एक आकड्याच्या तव्याचा पत्ता नव्हता.

सहासष्टच्या उन्हाळ्यात मी वलगावला गेलो होतो, तेव्हा बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाची बोलणी चालली होती. जानरावाची पार्टी ठरली. केशरबाई अंगणात येऊन अक्काला म्हणाली, "या डाव मी जानरावाले मांडवातच इचारतो, सगळ्याईच्या समोर. होऊन जाऊ दे एकडाव." तिच्या मनात वाईट नव्हतं. तिला फक्त मजा हवी होती. पण अक्काचा हात परातीतच थांबला. ती म्हणाली, "इचार. मी त्या दिवशी माहेरी जातो." आमचे आईबाप जाऊन सहा वर्षं झाली होती. माहेर म्हणजे अकोल्यातली माझी एक खोली.

परत निघालो तेव्हा भाऊजी माझ्याबरोबर आले. रविवार होता, दुकानात चक्कर टाकायची होती. बडनेऱ्याहून गाडी सुटली, मूर्तिजापूर आलं. मग मीच तोंड उघडलं.

"भाऊजी, आठ वर्षं झाली. तुमचं नाव सापडलं तरी काय करणार? गळ्यात बांधून फिरणार?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माह्यं नाव कोन पाहून राहिलं?"

"म्हणजे?"

"पयले दोन-तीन तवे माह्या नावासाठी आनले, खरं हाय. म्हटलं, हिले दाखवून देऊ. मंग एक डाव ही मांडवाकडं पाठ करून डाळ निवडत बसली होती. गानं चालू होतं. तिचं बोट परातीवर ठेका धरून राहिलं होतं, तिले मालूम बी नव्हतं. माह्यं नाव निघालं तर तो तवा मी तिथंच फोडनार हावो."

"मग हे कोणाला सांगत का नाही? शौक शौक काय लावलंय?"

"मानूस बायकोचं नाव धुंडत गावोगाव फिरून राहिला म्हनून सांगू? मुकादम हावो मी. चाळीस मानसं हाताखाली हायेत."

मला राग आला. दीक्षा घेतली, देव्हारे नदीत सोडले, पुढाऱ्यांची भाषणं पाठ केली, आणि बायकोचं नाव तोंडातून काढायचं म्हटलं की याची मुकादमी आडवी येते. तो एकटाच नव्हता, आम्ही सगळे असेच होतो. क्रांती अंगणापर्यंत आणायची आणि चुलीपाशी गेली की पाय पुसायचे. मी गाडीत हे सगळं बोललो. समोरच्या बाकावरचा एक माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला. भाऊजी फक्त म्हणाले, "हळू बोल ना बे."

दुकानात पोचलो. नियाजभाई भोंग्याला पॉलिश लावत होते. दुकानामागेच त्यांचं घर, मध्ये चिकाचा पडदा.

"आवो देवमनभाई. नया कुछ नई आया."

"ठीक हाय," म्हणून भाऊजी वळायला लागले. तेव्हा मी काउंटरवर हात ठेवला आणि आठ वर्षांत जे झालं नव्हतं ते केलं. सरळ सांगून टाकलं. "नियाजभाई, ह्यांना शौकबिक काही नाही. त्या गाण्यात माझ्या बहिणीचं नाव आहे. दहा भाकरी आणि ठेचा दिला म्हणून. तो तवा शोधतायत हे."

भाऊजींचं तोंड डांबरासारखं झालं.

नियाजभाईंनी फडकं खाली ठेवलं. "भाकर?" ते म्हणाले. "भाकर-ठेचा? गाने के बीच में?"

"हो."

"या अल्ला. सन साठ में कंपनी से पांच तवे आए थे. एक गिऱ्हाईक लेके गया, दूसरे दिन वापस. बोला, नियाजभाई, तवा खराब है, गाने में आदमी खाने का बोलता है, और पीछे कोई दरवाजा ठोकता है. मैंने सुना, सच्ची बात. छाप निकालनेवाला वहां ऊंघ रहा होगा, गलत छाप लगा दी. चार मैंने कंपनी को वापस भेजे."

"आणि पाचवा?" भाऊजी काउंटरवर वाकले.

"देवमनभाई, आप आठ साल से आ रहे. हर बार बोले, शौक है. एक बार तो बोलते, भाकर!"

"पाचवा, नियाजभाई!"

नियाजभाई पडद्याकडे वळून ओरडले, "अम्मी! मटके पे क्या रखा है?"

आतून त्यांच्या आई, बिस्मिल्लाबी, यांचा आवाज आला. "पानी है मटके में. प्यासे हैं क्या लोगां?"

"मटके में नहीं, मटके पे!"

बिस्मिल्लाबी पडदा सारून आल्या, हातात मडक्यावरचं झाकण. काळं, गोल. मधल्या भोकातून चिंधी ओढून वर गाठ मारलेली, तीच मूठ. चिठ्ठी केव्हाच ओलीनं धुऊन गेली होती. लाल होती की निळी, कोणी सांगू शकलं नसतं. भाऊजींनी ते झाकण दोन्ही हातांनी घेतलं, उजेडाकडे तिरपं धरलं आणि गुळगुळीत पट्टीवरून अंगठा फिरवला.

"एक," ते म्हणाले. "नियाजभाई, एक हाय."

गाठ सोडली, तवा पुसला, सुई बदलली. पहिलं कडवं. दुसरं कडवं. मग पेटी, आणि पेटीवर जानरावाचा तो मांडवातला आवाज:

"वलगावच्या मनकर्णाबाईकडून दहा भाकरी आन् मिरचीचा ठेचा, पार्टी आभारी आहे!"

मागून कोणीतरी काच ठोकत होतं, टकटक टकटक. जानराव थांबला नव्हता. आमच्या गावच्या पाटलानं कार्यक्रमातला भोंगा बंद करायला माणसं पाठवली होती तेव्हाही तो थांबला नव्हता, तर हा काचेमागचा साहेब कोण? ओढणाऱ्यांपैकी एक जण हसला तेही तव्यात आलं होतं.

भाऊजी फोनोकडे बघत उभे राहिले. मग टोपी काढून तोंड पुसलं आणि उगाचच म्हणाले, "गर्मी लय हाय दुकानात."

बिस्मिल्लाबी म्हणाल्या, "बेटा, ले जाव. लेकिन झाकन दे के जाव. मेरे मटके में चिमनी चोंच मारती."

मी बाजारातून पितळी झाकण आणेपर्यंत भाऊजींनी आपली टोपी मडक्यावर ठेवली होती.

वलगावला मी त्यांच्याबरोबर परत गेलो, गिरणीत खाडा करून. हे सोडायचं नव्हतं. भाऊजींनी तवा दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी धरला होता, पोरगं झाल्यासारखा. घरी आल्यावर अक्का म्हणाली, "आनला नववा? ठेवा खाटेखाली. तिथं उंदरं बी गानं शिकले असतीन आता."

"बस इथं," भाऊजी म्हणाले.

"पीठ मळून राहिली मी."

"मनकर्णा, बस."

तिचं नाव असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी ‘वं’ आणि ‘आयकतं काय’. ती पिठाच्या हातांनीच बसली.

तव्यावर जानराव बोलला. कडवं संपलं, गाणं संपलं, सुई घासत राहिली.

"परत लावा," ती म्हणाली.

परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग अक्का म्हणाली, "कांदे नाई सांगतले मेल्यानं."

भाऊजींनी स्वतः कुंपणाशी जाऊन केशरबाईला हाक मारली. ती आली, तिच्यामागे अर्धा मोहल्ला आला. केशरबाईनं पूर्ण ऐकलं, तोंडावर पदर धरला आणि म्हणाली, "अवो माय! खरंच व!" मग बोटं मोजून पुढं म्हणाली, "दहाच दिल्या होत्या काय वं? सात जनं होते ना ते?" हसणं असं उसळलं की खुंट्यावरचा बैल उठून उभा राहिला. बुद्धजयंतीला मांडवात विचारायचं केशरबाईला काही उरलं नाही. त्या दिवशी अक्का सगळ्यांत पुढं बसली, आणि जानरावानं हात वर केला तेव्हा तिनंच ओरडून सांगितलं, "भाऊ, कांदे राह्यले होते!"

पण खरा घोटाळा तवा घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. सकाळी भाऊजींची बोंब ऐकून मी बाहेर आलो. ते रांजणापाशी उभे होते. रांजणावर नववा तवा, भोकात नवी चिंधी, वर गाठ.

"अवं, झाकन म्हनून ठेवते काय याले! अख्ख्या वऱ्हाडात एकच हाय हा!"

"त्या बिस्मिल्लाबीच्या घरी सहा वर्षं पान्यावरच होता ना? काई झालं त्याले? तुमच्या खाटेखाली तर आठ हायेत, त्याईचं त्वांड बी कोनी पाह्यलं नाई. इथं कसं, येनाऱ्या-जानाऱ्याले पानी पेवा लागन तर पयले माह्यं नाव उचलावं लागन. कोनाले पटलं नाई तर पुसून फोनोवर लावतो."

भाऊजी काकुळतीला आले. "बरं, दुसरा घे. त्या आठातला कोनता बी घे. निळ्या चिठ्ठीचा घे, लय चांगला हाय."

अक्कानं ग्लास बुडवला, पाणी प्यायली आणि झाकण परत ठेवलं.

"त्याच्यावर माह्यं नाव कुठं हाय?"

भाऊजी सध्या दहावा शोधताहेत. नियाजभाईंनी परत पाठवलेले चार तवे कंपनीनं कुठं ना कुठं विकलेच असणार, असा त्यांचा हिशेब आहे. परवा रोडवर कोणीतरी विचारलं, मुकादम, आता काय पाहून राहिले? तर म्हणे चाळीस मजुरांसमोर त्यांनी सरळ सांगितलं, "बायकोच्या नावाचा तवा. असन कोनाकडं तर सांगा."